होम डिरेक्टरीत पॅकेज मॅनेजर : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे: मशीन दुसऱ्याचं, रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड नाही, पण सॉफ्टवेअर तर हवं. कमांड आणि पाथ इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत टाइप करायचे. होम, पाथ अशी व्हेरिएबल्स कॅपिटल अक्षरांत, बाकी बहुतेक सगळं लहान अक्षरांत. ~ हे चिन्ह म्हणजे तुमची होम डिरेक्टरी.

प्रश्न : संस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर माझं साधं खातं आहे, सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) नाही. होममध्ये पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्राम) टाकायचा तर होमब्रू, कोंडा, निक्स यांपैकी कोणता घ्यावा?

उत्तर : रूट लागतो तो /यूएसआर किंवा /ऑप्ट अशा जागी लिहिण्यासाठी. स्वतःच्या होममध्ये लिहायला कुणाला विचारावं लागत नाही, त्यामुळे यांतला जवळपास प्रत्येक मॅनेजर तिथे उतरवता येतो. पाहायचं ते पुढचं: तिथे उतरवल्यावर तयार बायनरी (आधीच बांधलेली, थेट चालणारी) पॅकेजं चालतील, की प्रत्येक वस्तू सोर्सवरून कंपाइल करत बसावं लागेल?

पॅकेज बांधलं जातं तेव्हा ते जिथे राहणार त्या जागेचा पूर्ण पाथ, म्हणजे प्रिफिक्स, त्याच्या आत लिहिला जातो. लायब्ररी कुठे शोधायची, कॉन्फिगरेशन फाइल कुठे आहे, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कोणता इंटरप्रिटर, हे सगळं त्या पाथवर अवलंबून. जागा बदलली की हे सगळे पत्ते चुकतात. वेगवेगळे मॅनेजर यातून वेगवेगळ्या वाटा काढतात.

कोंडाची पॅकेजं बांधताना मुद्दाम २५५ अक्षरांचा खोटा, लांबलचक प्रिफिक्स वापरतात. तुमच्या मशीनवर पॅकेज उतरलं की कोंडा तो खोटा पाथ खोडून तुमचा खरा पाथ घालतो आणि बायनरीत उरलेली जागा शून्य बाइटांनी भरून काढतो. म्हणून कोंडा कुठल्याही होममध्ये तयार पॅकेजं देऊ शकतो. हा उपाय दिसायला ओबडधोबड, पण कामाला चोख.

होमब्रूची तयार पॅकेजं, ज्यांना तिथे बॉटल म्हणतात, ठरलेल्या प्रिफिक्ससाठी बांधलेली असतात. लिनक्सवर तो आहे /होम/लिनक्सब्रू/.लिनक्सब्रू. दुसऱ्या जागी टाकलं तर बऱ्याच बॉटल निकामी ठरतात आणि कंपायलेशन सुरू होतं. होमब्रूच घ्यायचं असेल तर सर्व्हरच्या ॲडमिनला फक्त /होम/लिनक्सब्रू ही डिरेक्टरी तयार करून तुमच्या मालकीची करायला सांगा. एवढं एकदा झालं की पुढे सुडोची गरज उरत नाही.

निक्स सगळ्यात हट्टी. त्याची पॅकेजं /निक्स/स्टोअरमध्येच राहतात आणि स्टोअरची जागा पॅकेजच्या हॅशमध्येही, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकातही, मोजली जाते. जागा बदलली की हॅश बदलतो आणि तयार बायनरींचा साठा उपयोगाचा राहत नाही. यावर निक्स-यूजर-क्रूट किंवा निक्स-पोर्टेबल असे उपाय आहेत. ते युजर नेमस्पेस (प्रोसेसला वेगळं जग दाखवण्याची कर्नलची सोय) वापरून तुमच्या प्रोसेसपुरती /निक्स ही जागा भासवतात. सर्व्हरवर हे चालेल का, ते “अनशेअर -आर आयडी” देऊन कळतं. उत्तरात यूआयडी शून्य दिसला तर नेमस्पेस चालू आहेत, एरर आली तर निक्सचा विचार सोडलेला बरा.

पीकेजीएसआरसी आणि स्पॅक हे दोघे मुळात सोर्सवाले. पीकेजीएसआरसी नेटबीएसडीचं, पण लिनक्स आणि मॅकवरही चालतं. बूटस्ट्रॅप स्क्रिप्टला “--अनप्रिव्हिलेज्ड” हा पर्याय दिला की सगळं ~/पीकेजीमध्ये जातं. सी कंपायलर मात्र आधीपासून हवा. स्पॅक मोठ्या संगणन-क्लस्टरसाठी आहे. एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या कंपायलरने आणि वेगवेगळ्या एमपीआयसह (अनेक मशीनवरच्या प्रोसेसमधल्या संवादाच्या लायब्ररीसह) बांधलेल्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायच्या असतील तर त्याला तोड नाही. एरवी त्याच्या वाटेला जाऊ नये, साधं टूल मागितलं तरी अवलंबनांची (त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांची) लांब रांग बांधत बसतो.

तेव्हा साध्या खात्यावर, तयार पॅकेजं हवी असतील, तर मिनीफोर्ज, म्हणजे कोंडाचाच एक इन्स्टॉलर. आणि एखाद-दुसरंच टूल हवं असेल तर कुठलाच मॅनेजर नको. अनेक टूल्स एकाच स्टॅटिक बायनरीच्या (लागणाऱ्या लायब्ररी आतच असलेल्या फाइलीच्या) रूपात मिळतात. ती ~/.लोकल/बिनमध्ये ठेवायची, “सीएचमॉड +एक्स” करायचं, काम झालं.

प्रश्न : मिनीफोर्ज टाकायची नेमकी पद्धत सांगाल? मिनीकोंडा आणि हे एकच का?

उत्तर : दोन्हींत कोंडा तोच, पॅकेजं येतात ती जागा वेगळी. मिनीकोंडा कोंडाच्या मूळ कंपनीच्या डिफॉल्ट चॅनलकडे, म्हणजे पॅकेजांच्या साठ्याकडे, जातं, आणि त्या चॅनलच्या अटींनुसार मोठ्या संस्थांना पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. मिनीफोर्ज कोंडा-फोर्ज या समुदायाच्या चॅनलवर बेतलेलं आहे, तिथे ही कटकट नाही. संस्थेच्या मशीनवर म्हणूनच मिनीफोर्ज बरं.

सुरुवातीला “यूनेम -एम” देऊन प्रोसेसर पाहा. एक्स८६_६४ आणि एआर्च६४ यांचे इन्स्टॉलर वेगळे आहेत, चुकीचा घेतला तर “एक्झेक फॉरमॅट एरर” येते. मग “डीएफ -एच ~” देऊन जागा पाहा. रिकामी मांडणी काहीशे एमबी घेते, पण दोन-तीन एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचे वेगवेगळे संच) झाली की आकडा काही जीबीवर जातो. म्हणून निदान १० जीबी मोकळी असावी.

इन्स्टॉलर कोंडा-फोर्जच्या गिटहबवरच्या रिलीज पानावरून घ्या आणि “शा२५६सम” चालवून आलेली चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायची खूण) तिथेच दिलेल्या चेकसमशी ताडून पाहा. मग असं चालवा: “बॅश मिनीफोर्ज३-लिनक्स-एक्स८६_६४.एसएच -बी -पी $होम/मिनीफोर्ज३”. फाइलच्या नावातली कॅपिटल अक्षरं डाउनलोडमध्ये असतील तशीच ठेवा. “-बी” म्हणजे प्रश्न न विचारता, “-पी” म्हणजे प्रिफिक्स. हे फोल्डर आधीपासून असता कामा नये, नाहीतर इन्स्टॉलर तिथेच थांबतो. पाथमध्ये स्पेस नको. लांबीही आटोपशीर ठेवा: लिनक्स कर्नल ५.१ च्या आधी स्क्रिप्टची पहिली ओळ १२७ अक्षरांपर्यंतच वाचली जायची, आणि जुने सर्व्हर अजून चालू आहेत.

“-बी” दिल्यामुळे तुमच्या शेलच्या फाइलींना हात लागत नाही. ते आता स्वतः करा: “~/मिनीफोर्ज३/बिन/कोंडा इनिट बॅश”. हे .बॅशआरसीमध्ये काही ओळी घालतं. लगेच पुढे “कोंडा कॉन्फिग --सेट ऑटो_ॲक्टिव्हेट_बेस फॉल्स” द्याच. नाहीतर प्रत्येक लॉगिनला बेस एन्व्हायर्नमेंट सुरू होतं, त्याचं बिन फोल्डर पाथमध्ये सर्वांत पुढे बसतं आणि सिस्टिमच्या पायथनऐवजी कोंडाचा पायथन चालू लागतो. रिमोट डेस्कटॉपवर तर कोंडाबरोबर आलेल्या डी-बसमुळे (प्रोग्रामांमधल्या संदेशवहनाच्या सोयीमुळे) कधी कधी डेस्कटॉप उघडतच नाही, आणि कारण शोधताना कोंडावर संशय कुणाचाच जात नाही.

बेसमध्ये काहीही इन्स्टॉल करू नका. तिथे कोंडा स्वतः राहतो, त्याच्या अवलंबनांत गोंधळ झाला की दुरुस्त करायला साधनच उरत नाही. कामासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करा: “कोंडा क्रिएट -एन टूल्स गिट टीमक्स रिपग्रेप”, मग “कोंडा ॲक्टिव्हेट टूल्स”.

एक छुपा खड्डा आहे. पूर्वी कधी पायथनच्या पॅकेज मॅनेजरने “पिप इन्स्टॉल --यूजर” केलं असेल, तर ती पॅकेजं ~/.लोकल/लिबमध्ये पडून असतात. कोंडामधला पायथन त्याच आवृत्तीचा, समजा दोन्ही ३.११, असला की तो ती जुनी पॅकेजं आधी उचलतो, एन्व्हायर्नमेंटमधली नंतर. नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जुन्याच एरर दिसू लागल्या तर बहुधा हेच. “एक्सपोर्ट पायथननोयूजरसाइट=१” केलं की तो दरवाजा बंद होतो.

प्रश्न : मॅकवर ॲडमिन अधिकार नसल्याने होमब्रू ~/होमब्रूमध्ये टाकलं. चालतंय, पण एक लहानसं टूल टाकायला तासन्‌तास लागतात. काही चुकलं का?

उत्तर : चुकलं काहीच नाही, मॅकवरही नियम तोच. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रूची ठरलेली जागा /ऑप्ट/होमब्रू, इंटेलच्या मॅकवर /यूएसआर/लोकल. तुमची जागा तिसरीच असल्याने बऱ्याच पॅकेजांना बॉटल लागू पडत नाही. ज्यांच्यात पाथ कोरलेला नाही अशा बॉटल तुमच्याकडेही उतरतात. बाकीची पॅकेजं सोर्सवरून बांधली जातात, आणि त्यांना लागणारे कंपायलर, पर्ल, ओपनएसएसएल वगैरेही बांधावे लागू शकतात. तास जातात ते तिथे. होमब्रूच्या मदतपुस्तिकेतही अशा मांडणीला आधार दिला जाणार नाही असं स्पष्ट आहे, त्यामुळे काही मोडलं तर तक्रार नोंदवून उपयोग नाही.

ॲडमिनकडून एकदाच /ऑप्ट/होमब्रू तुमच्या नावावर करून घेता आली तर तो सर्वांत सोपा मार्ग. ते शक्य नसेल तर मॅकवरही मिनीफोर्ज तितकंच नीट चालतं. मॅकपोर्ट्सही “--विथ-नो-रूट-प्रिव्हिलेजेस” देऊन होममध्ये बांधता येतं, पण त्याचीही तयार पॅकेजं /ऑप्ट/लोकलसाठीच असतात, म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

आहे तेच ठेवायचं असेल तर दोन गोष्टी. शेलच्या फाइलीत “इव्हॅल "$(~/होमब्रू/बिन/ब्रू शेलएन्व्ह)"” ही ओळ असू द्या, पाथ हाताने लिहू नका. आणि झेडशेल सुरू होताना “इनसिक्युअर डिरेक्टरीज” अशी कुरकुर करत असेल तर होमब्रूच्या शेअर/झेडएसएच फोल्डरवर “सीएचमॉड -आर जीओ-डब्ल्यू” चालवा, इथला आर कॅपिटल.

प्रश्न : इन्स्टॉल व्यवस्थित झालं, तरी “कमांड नॉट फाउंड” येतं. कधी कमांड सापडते, पण चालते ती जुनीच आवृत्ती.

उत्तर : दोन्ही तक्रारी पाथ या व्हेरिएबलच्या. शेल पाथमधली फोल्डरं डावीकडून उजवीकडे पाहतो आणि पहिली सापडलेली फाइल चालवतो. तुमचं फोल्डर यादीत नसेल तर पहिली तक्रार, शेवटी असेल तर दुसरी. ओळ अशी हवी: “एक्सपोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"”. स्वतःचं फोल्डर आधी, जुना पाथ नंतर, मध्ये कोलन. अवतरणचिन्हांच्या आत ~ लिहू नका, तिथे ते उलगडत नाही आणि मग काही प्रोग्राम खरोखरच ~ नावाचं फोल्डर शोधत बसतात.

ही ओळ कुठल्या फाइलीत लिहायची, यातच बहुतेकांचा वेळ जातो. बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू होतो तेव्हा .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने बघतो आणि पहिली सापडली की थांबतो. एखाद्या इन्स्टॉलरने नवी .बॅश_प्रोफाइल तयार केली, की तोवर नीट चालणारी .प्रोफाइल त्या दिवसापासून वाचलीच जात नाही. अशा वेळी .बॅश_प्रोफाइलमध्ये .प्रोफाइल वाचून घेणारी एक ओळ घाला. उबुंटूची .प्रोफाइल ~/.लोकल/बिन आपण होऊन पाथमध्ये घालते, पण ते फोल्डर लॉगिनच्या वेळी अस्तित्वात असेल तरच. आत्ता बनवलं असेल तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. डेबियन आणि उबुंटूच्या .बॅशआरसीच्या सुरुवातीलाच “इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिरा” असा तुकडा असतो. त्याच्या खाली लिहिलेलं “एसएसएच सर्व्हर कमांड” अशा थेट कामांना दिसत नाही.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट शेल झेडशेल आहे. तिथे .झेडएसएचएन्व्हमध्ये पाथ लिहिला तर नंतर चालणारा पाथ_हेल्पर सिस्टिमची फोल्डरं पुढे आणून ठेवतो. .झेडप्रोफाइल किंवा .झेडएसएचआरसी वापरा.

निदान करायला “टाइप -ए गिट” ही कमांड “विच”पेक्षा बरी, कारण ती सगळ्या जागा क्रमाने दाखवते, अलियासही दाखवते. पाथ बरोबर दिसतो तरी जुनंच चालतं, तर “हॅश -आर” द्या. बॅश आधी सापडलेली जागा लक्षात ठेवतो, त्याला ती विसरायला लावावं लागतं. क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांना तुमचा पाथ मिळत नाही, तिथे पूर्ण पाथ लिहावा. सुडो असेल तरी तो स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो, होममधली टूल्स त्याला दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : “सीएचमॉड +एक्स” केलं, तरी “परमिशन डिनाइड” येते. फाइल माझीच आहे.

उत्तर : “फाइंडएमएनटी -टी ~” चालवा, टी कॅपिटल, आणि पर्यायांच्या रकान्यात “नोएक्झेक” आहे का पाहा. असेल तर त्या डिस्कवरची कुठलीच बायनरी चालणार नाही, परवानग्या कितीही बदला. शेल स्क्रिप्ट “बॅश फाइल” असं म्हणून चालते, त्यामुळे अर्धं काम झाल्यासारखं वाटतं आणि पुढे अडतं. पळवाट शोधू नका, ॲडमिनकडे नोएक्झेक नसलेली प्रोजेक्ट किंवा स्क्रॅच जागा मागा.

होम ठीक आहे पण इन्स्टॉलर मध्येच पडतो, तर नोएक्झेक /टीएमपीवर असू शकतं. ~/टीएमपी बनवून “एक्सपोर्ट टीएमपीडीआयआर=$होम/टीएमपी” करा आणि पुन्हा चालवा. सोर्सवरून बांधताना /टीएमपी भरून जात असेल तरीही हाच उपाय.

याच्याशी गल्लत होणारी आणखी एक एरर: फाइल डोळ्यांसमोर असताना “नो सच फाइल ऑर डिरेक्टरी”. इथे सापडत नाही ती फाइल नसते, तिचा इंटरप्रिटर किंवा लोडर नसतो. अल्पाइन लिनक्सवर ग्लिबसीसाठी (बहुतेक लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीसाठी) बांधलेली बायनरी चालवली की हे हमखास होतं. स्क्रिप्ट विंडोजवर संपादित केली असेल तर ओळींच्या शेवटच्या जादा खुणेमुळेही होतं.

प्रश्न : “व्हर्जन ग्लिबसी_२.२८ नॉट फाउंड”. नवी ग्लिबसी होममध्ये टाकून एलडी_लायब्ररी_पाथ तिकडे वळवला तर?

उत्तर : करू नका. लिनक्सवर लायब्ररी जोडणारा लोडर आणि ग्लिबसी एकाच आवृत्तीचे असावे लागतात, आणि लोडरचा पाथ प्रत्येक बायनरीत कायमचा लिहिलेला असतो. नवी ग्लिबसी या व्हेरिएबलमधून पुढे ढकलली की लोडर जुना, लायब्ररी नवी अशी जोडी जमते आणि “एलएस” सुद्धा कोसळतं. तसं झालंच, तर चालू शेलमध्ये “अनसेट एलडी_लायब्ररी_पाथ” द्या. अनसेट बॅशच्या आतच असतं, म्हणून ते चालतं. हा प्रयोग .बॅशआरसीमध्ये लिहून ठेवणं मात्र घातक, मग लॉगिन करूनही काही चालवता येत नाही.

एररचा अर्थ इतकाच की बायनरी तुमच्यापेक्षा नव्या सिस्टिमवर बांधली आहे. “एलडीडी --व्हर्जन”ची पहिली ओळ तुमची ग्लिबसी सांगते. सेंटओएस ७ वर ती २.१७, रेड हॅट ८ वर २.२८, उबुंटू २०.०४ वर २.३१, २२.०४ वर २.३५. नोड जेएसच्या अधिकृत बायनरींना आवृत्ती १८ पासून २.२८ लागते, म्हणून सेंटओएस ७ वर ही एरर इतकी ओळखीची आहे.

वाटा तीन. टूलची मसलवर (ग्लिबसीऐवजीच्या दुसऱ्या सी लायब्ररीवर) बांधलेली स्टॅटिक बायनरी मिळते का पाहा, तिला ग्लिबसीच लागत नाही. किंवा कोंडा-फोर्जचं पॅकेज घ्या. तिथे मुद्दाम जुन्या ग्लिबसीच्या आधाराने बांधतात, आणि कोंडा तुमची ग्लिबसी कोणती हे पाहूनच आवृत्ती निवडतो. “कोंडा इन्फो”मध्ये ती दिसते. तिसरी वाट सोर्सवरून स्वतःच्या मशीनवर बांधण्याची.

प्रश्न : डेबियनवर एपीटीलाच (तिथल्या पॅकेज मॅनेजरला) “होममध्ये टाक” असं सांगता येत नाही का?

उत्तर : नाही. त्याची नोंदवही /व्हार/लिब/डीपीकेजीमध्ये आहे आणि पॅकेजांतले पाथ /यूएसआरचे आहेत. “एपीटी डाउनलोड” मात्र रूटशिवाय चालतं, आणि आलेली डेब फाइल “डीपीकेजी -एक्स फाइल ~/उघडलेलं” असं म्हणून उलगडता येते. इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्ट चालत नाहीत, अवलंबनं स्वतः शोधावी लागतात. एखादी लहान बायनरी काढून घेण्यापुरतं हे ठीक.

प्रश्न : पिप म्हणतो “एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट”. “--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस” दिलं तर चालतं. द्यावं का?

उत्तर : नावातच उत्तर आहे. सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला काही टाकू न देण्याची ही अट डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून आली. “--यूजर”सह हा पर्याय दिलात तर सिस्टिमच्या फाइली बदलत नाहीत हे खरं, पण तुमच्या खात्यातून चालणारी सिस्टिमची पायथन टूल्स तुमची पॅकेजं आधी उचलतात आणि कधी तरी विनाकारण मोडतात. कमांड म्हणून वापरायची टूल्स पिपएक्सने (तो प्रत्येक टूल वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवतो) टाका, प्रोजेक्टसाठी “पायथन३ -एम व्हीएन्व्ह फोल्डर”. डेबियनवर व्हीएन्व्हचं पॅकेज वेगळं असतं आणि ते नसेल तर एन्शुअरपिप नसल्याची एरर येते. अशा वेळी यूव्ही घ्या: एकच बायनरी, ~/.लोकल/बिनमध्ये राहते आणि हवा तो पायथनही स्वतः आणते.

प्रश्न : डिस्कवर जागा दिसते, तरी “डिस्क कोटा एक्सीडेड”.

उत्तर : कोटा दोन प्रकारचा असतो, बाइटांचा आणि फाइलींच्या संख्येचा. “कोटा -एस” दोन्ही दाखवतं. पायथनची पॅकेजं म्हणजे हजारो बारीक फाइली, त्यामुळे कोंडावाले बहुधा दुसऱ्या मर्यादेवर आपटतात. “डीयू --आयनोड्स -एस ~/मिनीफोर्ज३” ने आकडा कळेल.

“कोंडा क्लीन --ऑल” उतरवलेल्या संकुचित फाइली आणि वापरात नसलेली पॅकेजं काढतं. मात्र सॉफ्टलिंकचा पर्याय मुद्दाम चालू केला असेल तर ते टाळा. वापरात असलेलं पॅकेजही निरुपयोगी समजून काढलं जातं आणि एन्व्हायर्नमेंट मोडतं. पॅकेजांचा साठा दुसऱ्या डिस्कवर हलवण्याचा मोह होतो, पण कोंडा साठ्यातून एन्व्हायर्नमेंटमध्ये हार्डलिंक (प्रत न काढता त्याच फाइलीला दुसरं नाव) करतो आणि हार्डलिंक दोन डिस्कांमध्ये होत नाही. मग प्रत्येक फाइलीची खरी प्रत निघते. होममधली जागा वाचेल, एकूण जागा वाढेल. साठा आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही मोठ्या डिस्कवर, हे उत्तम.

प्रश्न : मग आख्खं मिनीफोर्ज३ फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवलं तर चालेल?

उत्तर : नुसतं हलवलं तर “बॅड इंटरप्रिटर” येईल, जुना पाथ शेकडो फाइलींत आहे. जुन्या जागी नव्या जागेकडे नेणारी सिमलिंक ठेवली तर चालतं, कारण जुना पत्ता पुन्हा खरा होतो. स्वच्छ मार्ग म्हणजे “कोंडा एन्व्ह एक्सपोर्ट --फ्रॉम-हिस्टरी” ने यादी काढायची, नव्या जागी नवं मिनीफोर्ज टाकायचं, आणि यादीवरून एन्व्हायर्नमेंट पुन्हा बांधायचं. यादीत फक्त तुम्ही स्वतः मागितलेली पॅकेजं येतात. पिपने टाकलेली वेगळी टिपून घ्या.

क्लस्टरवर आणखी एक पाहा: “रीडलिंक -एफ ~”. होम हीच एक सिमलिंक असेल तर इन्स्टॉलरला /होमचा छोटा पाथ द्या, मागचा स्टोरेजचा खरा पाथ नव्हे. उद्या ॲडमिनने स्टोरेज बदललं तरी /होमचा पत्ता तोच राहील.

प्रश्न : विंडोजवर ॲडमिन अधिकार नसताना काय?

उत्तर : स्कूप हा विंडोजचा पॅकेज मॅनेजर. तो मुळात होमसाठीच बनवला आहे, सगळं युजर फोल्डरमधल्या स्कूप फोल्डरमध्ये जातं. साधं पॉवरशेल उघडा, ॲडमिन म्हणून नको, तसं चालवलं तर इन्स्टॉलर नकार देतो. आधी “सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूजर”, मग स्कूपच्या अधिकृत साइटवर दिलेली एका ओळीची कमांड. त्यानंतर पहिलं काम “स्कूप इन्स्टॉल गिट”, कारण बकेट, म्हणजे पॅकेजांच्या याद्या, गिटने अद्ययावत होतात. खिडकीवाले प्रोग्राम “एक्स्ट्राज” बकेटमध्ये आहेत.

पॉलिसी बदलूनही फरक पडला नाही तर “गेट-एक्झिक्युशनपॉलिसी -लिस्ट” पाहा. मशीनपॉलिसीच्या ओळीत काही ठरवलेलं असेल तर ते संस्थेकडून आलेलं आहे आणि तुमच्यावर भारी पडतं. ड्रायव्हर किंवा विंडोज सर्व्हिस लागणारे प्रोग्राम स्कूपने बसणार नाहीत. जुन्या आवृत्त्या आपोआप जात नाहीत, अधूनमधून “स्कूप क्लीनअप *” चालवा.

प्रश्न : होममध्ये टाकलेला डेटाबेस सर्व्हर मी लॉगआउट झाल्यावर बंद पडतो.

उत्तर : सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) तुमचं शेवटचं सेशन संपलं की तुमच्या युजर सर्व्हिसेस थांबवतं. “लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर” चालवून पाहा. काही सर्व्हरवर त्याला परवानगी नसते, मग ॲडमिनशिवाय इलाज नाही. पोर्ट १०२४ किंवा त्याच्या वरचा घ्या, त्याखालचे पोर्ट रूटसाठी राखलेले असतात.

प्रश्न : नको झालं तर पूर्ण कसं काढायचं?

उत्तर : क्रम महत्त्वाचा. मिनीफोर्जसाठी आधी “कोंडा इनिट --रिव्हर्स --ऑल”, नंतर फोल्डर पुसा. उलट केलंत तर शेलच्या फाइलीतल्या ओळी हाताने काढाव्या लागतील. मग ~/.कोंडा आणि ~/.कोंडाआरसी. रस्ट ही भाषा टाकली असेल तर “रस्टअप सेल्फ अनइन्स्टॉल”, विंडोजवर “स्कूप अनइन्स्टॉल स्कूप”. स्कूपची ही कमांड स्कूपने टाकलेली बाकीची सगळी टूल्सही घेऊन जाते, आधी तसं विचारते, पण प्रश्न वाचूनच हो म्हणा.